भाऊ सुपारी सोडेना, घरचे म्हणतात गोळ्या सोडा

प्रश्न: पत्र दक्षिण रायगडच्या किनाऱ्यावरून आलं आहे. घरची नारळी-पोफळीची वाडी, धाकटा भाऊ २९ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटू लागलं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या सुरू झाल्या, आवाज बरेच कमी झाले. पण कॉलेजात असल्यापासून लागलेली सुपारी त्याच काळात वाढत गेली. चुना लावलेलं खांड दिवसभर गालात, अधूनमधून तंबाखू, आणि रात्री तर खांड गालात ठेवूनच झोप. गेले चार महिने त्याचे हात थरथरतात, चालताना हात हलत नाहीत, लाळ गळते. वडील म्हणतात, गोळ्यांनी पोराचं लाकूड केलं, त्या बंद करा. काका म्हणतात, सुपारीनेच डोकं फिरलं, ती उद्यापासून बंद. आई म्हणते, खाऊ दे, तोंडात सुपारी असली की शांत बसतो. ‘नेमकं काय बंद करू, गोळ्या की सुपारी?’ असं थोरल्या बहिणीने विचारलं आहे.

उत्तर:

ताई, उद्यापासून यातलं काहीच एकदम बंद करू नका. गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. सुपारी सोडवायची आहे, पण टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांना सांगून.

तुमच्या घरातल्या तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तिघं हटत नाहीत. पण तिघंही एक गोष्ट धरून चालले आहेत, की सुपारी वेगळी आणि गोळी वेगळी. एक पानाच्या तबकातली, दुसरी दवाखान्यातली. जी सुपारी आपण गणपती म्हणून पाटावर मांडतो, ती औषधाशी भांडेल हे मनात येत नाही. डॉक्टरांनी विचारलं की घरचे सांगतात, ‘दारू नाही, बिडी नाही, काही व्यसन नाही.’ तुम्हीही बहुधा असंच सांगितलं असेल. त्यात लपवाछपवी नसते. सुपारीला आपण व्यसनात धरतच नाही.

सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. चुन्यामुळे ते तोंडातल्या तोंडातच रक्तात लवकर उतरतं. दोन-तीन मिनिटांत कानशिलं गरम होतात, घाम येतो, छाती थोडी धडधडते, तरतरी वाटते, लाळ सुटते. पंधरा-वीस मिनिटांत ते ओसरतं आणि हात पुन्हा डबीकडे जातो. आपल्या मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं एक रसायन निरोप पोचवण्याचं काम करतं. अरेकोलीन त्याचीच नक्कल करतं.

आता गोळ्यांकडे या. आवाज आणि संशय कमी करणारी औषधं डोपामिन या दुसऱ्या रसायनाला आवर घालतात. हालचाली सांभाळणाऱ्या भागात डोपामिन आणि ॲसिटिलकोलीन यांचा तोल असावा लागतो. डोपामिन दबलं की दुसरं पारडं जड होतं. मग हात थरथरतात, अंग ताठरतं, पावलं लहान पडतात, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. यासाठीच डॉक्टर बऱ्याचदा ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी एक छोटी गोळी जोडीला देतात. ती ॲसिटिलकोलीनला खाली दाबते. पाकिटावर हे नाव दिसतं का, पाहा. दिसलं, तर तुमच्या घरात काय चाललं असेल ते लक्षात येईल: ती गोळी जे पारडं खाली दाबते, तेच पारडं सुपारी दिवसभर वर ढकलते.

हा नुसता तर्क नाही. १९८९ मध्ये ब्रिटनमधून अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. भरपूर सुपारी खाणारे, मानसिक आजारावर इंजेक्शन चालू असलेले हे रुग्ण ताठरपणा टाळणारं औषध घेत असूनही ताठरले होते. तुमच्या भावाचंही तसंच आहे असं पत्रावरून कोणी सांगू शकणार नाही. नुसत्या गोळ्यांच्या मात्रेनेही हे होतं. पण ज्याच्या गालात रात्रंदिवस खांड आहे, त्याच्या बाबतीत आधी सुपारीचा हिशोब घेतल्याशिवाय गोळीला दोष देता येणार नाही.

वडिलांची भीती मला कळते. हातातला चहा सांडणारा जवान मुलगा रोज समोर दिसतो, ते सोसत नाही. पण गोळ्या बंद करण्यात एक फसवं वळण आहे, ते त्यांना नीट समजावून सांगा. गोळ्या थांबवल्या की बऱ्याचदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत हात मोकळे होतात, चेहरा हसरा होतो. घरचे म्हणतात, ‘बघा, गोळ्यांनीच बिघडवलं होतं.’ मूळ आजार मात्र लगेच उठत नाही. अनेकांच्या बाबतीत तो काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी परततो. आधी झोप जाते, मग संशय, मग आवाज. तोवर गोळी थांबवल्याचं सगळे विसरलेले असतात आणि दोष बाहेरच्या कशाला तरी जातो. ताठरपणा हा खरा त्रास आहे आणि त्यावर उपाय आहेत. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची पाहणी झाली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. तिथे सुपारी खाणाऱ्या रुग्णांची लक्षणं न खाणाऱ्यांपेक्षा सौम्य दिसली. अरेकोलीनच्या रचनेवरून पुढे झॅनोमेलीन नावाचं औषध घडवलं गेलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते, ट्रॉस्पियम या दुसऱ्या औषधाच्या जोडीने, अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी मंजूर झालं. तेव्हा सुपारीने त्याला बरं वाटतं हे आईंना भासत नसेल, दिसत असेल. पण त्यातून सुपारी औषध ठरत नाही. औषधाची मात्रा ठरलेली असते. एका खांडात किती अरेकोलीन आहे हे कोण सांगणार? ओली सुपारी वेगळी, उकडलेली चिकणी वेगळी, खळ्यात महिना-सव्वा महिना वाळलेली वेगळी. असर वीस मिनिटांचा, मग पुन्हा चुळबुळ, पुन्हा खांड. आई जो शांतपणा पाहतात, त्यातला बराचसा त्याच चुळबुळीवरचा उतारा असतो, आणि ती चुळबुळ सुपारीनेच लावलेली असते. शिवाय त्याची किंमत तोंड मोजतं, त्याकडे मी खाली येतोच आहे.

काकांचं निदान मात्र सोडून द्या. सुपारीने स्किझोफ्रेनिया होतो याला पुरावा नाही. हा आजार तरुण मुलग्यांमध्ये साधारण विशीच्या आसपास आणि पंचविशीपर्यंत डोकं वर काढतो, आणि सुपारी-तंबाखूची सवयही त्याच्या जरा आधी लागते. दोन्ही एका वयात आल्या म्हणून एक दुसऱ्याचं कारण होत नाही. उलट मन बेचैन असलेला माणूस जास्त चघळतो, हेच अधिक दिसतं. मोठ्या मात्रेने तात्पुरता भ्रम झाल्याची उदाहरणं आहेत. पापुआ न्यू गिनीत काम केलेल्या बर्टन-ब्रॅडली या मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात तशी नोंद केली. पण ती विरळा आणि ओसरणारी. तीन वर्षं चाललेला आजार त्यात बसत नाही. हे आईंनाही सांगा. डबीत सुपारी त्यांनीच भरून ठेवली म्हणून त्या मनात काही धरून बसल्या असतील, तर ते ओझं उतरायला हवं.

एकदम बंद का नाही? इतकी वर्षं चघळणाऱ्याची सुपारी तोडली की एक-दोन दिवसांतच चिडचिड, बेचैनी, झोप न लागणं, उदासी सुरू होते. तंबाखू जोडीला असेल तर अधिकच. पहिला आठवडा सर्वांत जड, मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. आजारी माणसाच्या घरात ही चिडचिड पाहिली की ‘पुन्हा सुरू झालं’ म्हणून घाबरगुंडी उडते. फरक असा ओळखा. सुपारीची तलफ असेल तर माणूस वस्तू मागतो, लक्ष लागत नाही म्हणतो, आणि काही चघळायला मिळालं की जरा निवतो. आजार उठत असेल तर संशय नव्याने बोलण्यात येतो. कोणाशी तरी पुटपुटणं, जेवणात काही घातलंय का असं विचारणं, दारं-खिडक्या लावून घेणं, रात्रच्या रात्र जागरण, अशी चिन्हं दिसतात. दोन रात्री अजिबात झोप नाही आणि जोडीला यातलं एक जरी चिन्ह दिसलं, तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. सुपारी कमी करणं तेवढ्यापुरतं थांबवा.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. सुपारी उतरली की ती जोडीची छोटी गोळी एकटीच जोर करू लागते. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, अंधुक दिसतं, लघवीला अडतं. म्हणून सुपारी कमी करणार हे डॉक्टरांना आधीच कळायला हवं, म्हणजे त्या गोळीची मात्राही ते बघतील. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ज्या आठवड्यात गोळी बदलली, त्या आठवड्यात सुपारी आहे तेवढीच राहू द्या.

कमी कशी करायची? अडकित्त्याने एका सुपारीची साधारण आठ खांडं करा आणि दिवसाची खांडं सकाळीच एका डबीत मोजून ठेवा. पहिला आठवडा डबीत काय आहे ते फक्त लिहा: सकाळी किती, रात्री उरलं किती, तंबाखू कितीदा. समजा १८ निघाली. दुसऱ्या आठवड्यात सर्वांत आधी रात्रीचं खांड जाऊ दे, कारण झोपेत सहा-सात तास एकाच जागी सुपारी मुरत ठेवणं हे गालाला सर्वांत वाईट. झोपण्याआधी चूळ भरून, गाल बोटाने साफ करून झोपायचं. मग दर आठवड्याला दोन-तीन खांडं कमी. सहा ते आठ आठवड्यांत डबी रिकामी होते. अडखळलं तर त्याच आकड्यावर आणखी आठवडाभर थांबा, मागे जाऊ नका. चुना कमी करणंही उपयोगी, पण ‘चुना सोडला, सुपारी तेवढीच’ यावर समाधान मानू नका.

डबीत सुपारीच्या जागी काय? बडीशेप, लवंग, आवळकाठी, भाजलेले चणे, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप. दात कुरतडायला काहीतरी हवं असतं आणि खोबऱ्याचे काप ते काम चांगलं करतात. दुकानातली ‘सुगंधी सुपारी’ किंवा ‘बिनतंबाखूचा पानमसाला’ मात्र आणू नका. तंबाखू नसली तरी आत सुपारी तीच, वर गोडी.

तंबाखूचा भाग वेगळा हाताळायचा. निकोटीनच्या दोन मिलिग्रॅमच्या च्युइंगमसारख्या गोळ्या चघळायला मिळतात, पण त्या चॉकलेटसारख्या चावून गिळायच्या नसतात. दोन-चार वेळा चावायची, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, ओसरल्या की पुन्हा. अर्धा तास. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना आंबट काही नको. आपल्याकडे ही चूक हमखास होते. सोलकढी, कोकम सरबत, लिंबूपाणी, चहा-कॉफीसुद्धा घेतली की निकोटीन तोंडातून नीट शोषलं जात नाही आणि माणूस म्हणतो, ‘ह्याने काही होत नाही.’ जबडा उघडायला त्रास असेल तर त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या बऱ्या. त्या किती ताकदीच्या, हे डॉक्टर सांगतील. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत क्रमांक १८००-११२-३५६ आहे.

आता तोंड. हे या आठवड्यातच करा. भावाला खिडकीपाशी उजेडात बसवा आणि त्याची स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. सहज जायला हवीत. दोनच जात असतील, तिखट लागलं की आग होत असेल, गालाची आतली बाजू फिकट, पांढुरकी आणि ताठ लागत असेल, तर सुपारीमुळे गालाखाली तंतू साचू लागले असण्याची शक्यता आहे. या दुखण्याचा कर्करोगाकडे जाण्याचा धोका असतो, आणि सुपारी सोडल्यावरही आखडलेला जबडा आपोआप पूर्ववत होत नाही. जितकं लवकर थांबेल तितकं वाचतं. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दातांच्या डॉक्टरांकडे न्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूसकट पान १९८५ मध्ये आणि नुसती सुपारी २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवली आहे. ‘आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ म्हणणाऱ्या घरांनी दुसरं साल लक्षात ठेवावं.

जबड्याबद्दल एक बारकावा. गोळ्यांमुळे अंग ताठरलं असेल तर मनगट हलवताना अडकत अडकत हलतं, चालताना हात हलत नाहीत. सुपारीमुळे असेल तर बाकी अंग मोकळं आणि फक्त तोंड उघडत नाही. तुमच्या भावाला दोन्ही असू शकतं.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं, सुपारीच्या नोंदीची वही, आणि मोबाइलवर काढलेली एक-दोन मिनिटांची चित्रफीत घेऊन जा: तो अंगणात चालतोय, आणि कपात चहा ओततोय, एवढीच. दवाखान्यात पाच मिनिटांत जे दिसत नाही ते त्यात दिसतं. ‘हा रोज इतकी खांडं चुना लावून खातो, इतक्या वर्षांपासून, रात्रीही’ हे वाक्य तुम्हीच आधी बोला. डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. जाणं लांबणार असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पण ताप आणि जोडीला अंग फळीसारखं ताठ, घाम, बोलण्यात भ्रम असं झालं तर वाट पाहू नका, त्याच घटकेला मोठं रुग्णालय गाठा. मान एकीकडे वळून अडकली किंवा डोळे वर चढले, तरीही. आणि जगणं नको असं तो बोलला, तर त्याला एकटं सोडू नका.

घरच वाडीचं, तेव्हा सुपारी डोळ्यांआड करता येणार नाही. पण कामं वाटून घेता येतात. असोली सुपारी सोलण्याच्या आणि निवडण्याच्या जागी त्याला बसवू नका. तिथे तोंडात जाणारं खांड मोजलंच जात नाही. शिंपणं, झापा गोळा करणं, नारळ मोजणं अशी कामं द्या. हात थरथरत असेतो पोफळीवर तर अजिबात चढवू नका. पाहुणा आला की तबक पुढे करणं आपल्याकडे रीतच आहे, पण गणपतीच्या भजनांच्या रात्री त्याच्यासमोर तबक फिरू नये हे मंडळींना आधी सांगायला संकोच करू नका. त्या दिवसांत जागरणं होतात, आणि या आजारात झोप मोडणं सुपारीइतकंच घातक.

पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. मशेरी लावणाऱ्या मावश्या, काक्या बऱ्याचदा सांगतात की सकाळी मशेरी लावल्याशिवाय जीव घाबरा होतो, लावली की बरं वाटतं. ती घबराट बहुतेक वेळा रात्रभर निकोटीन न मिळाल्याची असते. तव्यावर काळी होईस्तोवर भाजली तरी ती तंबाखूच. तिची सवयही वर सांगितल्यासारखी, वेळा मोजून उतरवता येते. क्लोझापिन किंवा ओलॅन्झापिन या मानसिक आजारावरच्या गोळ्या घेणाऱ्याने बिडी-सिगरेट सोडली तर रक्तातली औषधाची पातळी वाढते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच सोडावी. हा परिणाम धुराचा आहे, चघळायच्या तंबाखूचा नाही. दमा असलेल्यांनी सुपारी टाळावीच, तिने छाती आवळली जाऊ शकते.

ताई, तुमच्या चार पानी पत्रात वडील बोलतात, काका बोलतात, आई बोलतात. भाऊ कुठेच बोलत नाही. त्याला सुपारीने काय मिळतं, आवाज दबतात का, गोळीची सुस्ती उडते का, की नुसता वेळ जातो, हे त्याला विचारलं आहे का? आज रात्री जेवण झाल्यावर, बाकीचे उठून गेल्यावर विचारा, आणि उत्तर आलं की त्यावर वाद घालू नका. आवाज दबतात म्हणाला, तर ती सर्वांत मोलाची माहिती आहे. याचा अर्थ गोळ्या अजून पुरेशा पडत नाहीत, आणि हे डॉक्टरांना कळलंच पाहिजे. मग अडकित्ता आणि डबी त्याच्याच हातात द्या. हा आठवडा एकही खांड कमी करायचं नाही, फक्त मोजायचं आहे, हे त्याला स्पष्ट सांगा, म्हणजे खिशात वेगळी पुडी ठेवायची वेळ त्याच्यावर येणार नाही.